विहीणबाईंचे संवाद

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या केशोरीत कुणाला सांगावं लागत नाही. पण आमची लेक स्पेनमध्ये, जावई तिथलाच, आणि डॉक्टरांनी तिला विमानात बसायची मनाई केलेली. इकडे बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून आमचंही जाणं रद्द. म्हणजे पोरीचं सगळं विहीणबाईच करणार. त्यांना मला एवढंच सांगायचं होतं, की माझ्या पोरीला सांभाळा.

"बाबा, तुम्ही आपल्या बोलीत बोला, मी सांगते त्याईले," लेक म्हणाली. पण तिच्याबद्दलची विनंती तिच्याच तोंडून कशी करायची? मला ते पटेना. मी स्पॅनिश शिकायचं ठरवलं. वय, बुद्धी आणि मोबाईलचा डेटा यांपैकी विचार फक्त डेटाचा केला.

तरुणपणी मी मंडईच्या नाटकांत कामं केली होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक होतं. पाठांतर हा आपला हातखंडा, असा माझा तेव्हापासूनचा समज. आमचा प्रॉम्प्टर आता हयात नाही, त्यामुळे त्या समजाला कुणी धक्का लावत नाही.

म्हणून व्याकरणाच्या वाटेला न जाता स्पेनमधल्याच माणसांचे व्हिडिओ लावले. एक बाई दारात उभी राहून शेजारणीशी गप्पा मारायची. ही विचारणार, कशा आहात. ती म्हणणार, बरी आहे, देवाची कृपा, घरचे कसे आहेत? मी दोघींचे संवाद हातवाऱ्यांसकट पाठ केले. धानाच्या बांधीत पाणी पाहायला गेलो की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तालीम चाले. शेजारच्या बांधीतल्या माणसानं एकदा हटकलं, "काऊन गा, कोनासंगं बोलून राहिला?"

"विहीणबाईसंगं," मी म्हटलं. तेव्हापासून तो माझ्या तब्येतीची जरा जास्तच चौकशी करू लागला.

मुख्य वाक्य दुसऱ्याच व्हिडिओत सापडलं. एक म्हातारी गावाला जाताना कुणालातरी शेजारणीच्या हाती सोपवते आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणते, "क्विदेला मुचो." हिला नीट सांभाळा. मी गहिवरलो. बायकोनं चष्मा लावून पाहिलं.

"कुत्री आहे ते," ती म्हणाली. "कुत्रीसाठी म्हनते ते आपल्या पोरीसाठी कायले?"

भावना तीच, असं म्हणून मी तालीम चालू ठेवली.

ठरलेल्या रविवारी दुपारी इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसलो. पडद्यावर विहीणबाई, शेजारी लेक. मी स्पॅनिशमध्ये विचारलं, कशा आहात? विहीणबाई हसल्या आणि भलतंच काहीतरी लांबलचक बोलल्या. शेजारणीचा संवाद त्यांना पाठच नव्हता. आता आमच्या रंगभूमीचा नियम असा, की समोरचा नट अडला तर त्याचंही वाक्य आपणच म्हणायचं, पण प्रयोग थांबू द्यायचा नाही. त्यांच्या वतीनं मी देवाची कृपा असल्याचं सांगितलं, त्यांच्याच वतीनं माझ्या घरच्यांची विचारपूस केली आणि माझ्या वतीनं आभार मानले. हवापाण्याचा विषयही दोन्ही बाजूंनी उरकला. विहीणबाई बघतच राहिल्या. लेकीनं दोन्ही हातांत तोंड लपवलं होतं, आणि कॅमेऱ्याबाहेर जावई हसत असल्याचं स्पष्ट ऐकू येत होतं.

मग त्या वाक्याची वेळ आली. लेकीनं हात काढले आणि तिचा सुजलेला, दमलेला चेहरा दिसला. धुऱ्यावर घोटलेलं सगळं गेलं. जुन्या सवयीनं मी डावीकडे पाहिलं, जिथं पडद्याआड प्रॉम्प्टर बसायचा. तिथं बायको बसली होती, आणि ती डोळे पुसत होती.

इतक्यात फोनमधून बारीक आवाज आला, "क्विदेला..." लेकच सांगत होती. आईनं तिला कुत्रीची हकिगत आधीच कळवली असावी. पुढच्या शब्दाआधीच तिनं तोंड फिरवलं. मी तिच्यामागून म्हटलं, आणि राहिलेला शब्दही म्हटला. मला रडू आवरेना.

विहीणबाईंनी लेकीचं डोकं खांद्याशी ओढून घेतलं आणि माझ्याकडे पाहत हळूहळू काहीतरी सांगितलं. ते कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

"काय म्हनते त्या?" मी लेकीला विचारलं.

"थांबा बाबा," ती म्हणाली, "मले सांगता नाही येऊन राहिलं."