मेजरबाईंची सही

आमच्या गावात कोणी कोणाला सरळ 'नाही' म्हणत नाही. 'बघूया', 'होईल हळूहळू', 'गणपतीत आलास की बोलू' असं म्हणत माणसं पन्नास वर्षं काढतात. माझी आत्या मात्र 'नाही' म्हणायची आणि म्हणून झालं की गप्प बसायची. कारण सांगायची नाही, समोरच्याला बरं वाटावं म्हणून चहाही विचारायची नाही. गाव तिला मेजरबाई म्हणायचं ते तिच्या हुद्द्यामुळे. पण मला वाटतं, ती फौजेत गेली नसती तरी तिला असलंच काहीतरी नाव पडलं असतं.

आमचं गाव गुहागरपासून बरंच आत. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. दोन मुलांपैकी एक तरी आपल्यामागे फौजेत जाईल अशी त्यांची आशा होती. माझे वडील मुंबईत एका कचेरीला लागले, काका त्यांच्या मागोमाग गेले. फौजेत गेली ती थोरली मुलगी, लष्करी इस्पितळात नर्सिंगची अधिकारी होऊन. पहिल्या रजेवर ती गुहागरच्या स्टँडवर उतरली तेव्हा आबांनी तिची लोखंडी ट्रंक उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली. ती म्हणाली, "आबा, लोक बघतायत, खाली ठेवा." आबा म्हणाले, "बघू देत. ऑफिसरने सामान उचलायचं नसतं." स्टँडवरची माणसं हसली. आबा ट्रंक घेऊन तिच्या चार पावलं मागून चालत राहिले. आत्या सांगायची, "पुढे पुष्कळ जवानांनी सलाम ठोकले, पण तेवढा मान मला परत कोणी दिला नाही."

तिने लग्न केलं नाही. निवृत्त होऊन ती गावच्या घरी आली तेव्हा आम्ही भावंडं आईबरोबर तिथेच राहायचो, मी शाळेत होते, आणि आमची दैना सुरू झाली. ती अंथरूण घालायची ते इस्पितळासारखं. चादरीची टोकं गादीखाली इतकी ताणून खोचलेली असत, की आत शिरायचं म्हणजे पाकिटात पत्र घालावं तसं स्वतःला सरकवावं लागे. सकाळी नखं तपासली जात. एकदा दादाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, पायावर कोयती लागली आणि मला रडू फुटलं. आत्याने कापूस माझ्या हातात दिला. "रडायचं असेल तर रड, पण हात थांबवू नकोस," ती म्हणाली. त्या दिवशी मी रडत रडत पहिली जखम धुतली.

आबा गेले आणि त्याच वर्षीच्या गणपतीत, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, वडिलांनी ओटीवर तिच्यासमोर एक कागद ठेवला. हक्कसोडपत्र. बहिणींनी जमिनीवरचा हक्क भावांसाठी सोडायचा, असं आमच्याकडे चालत आलेलं. धाकट्या आत्याने सही केलेली होती. ती आत सुपात तांदूळ घेऊन बसली होती, मान वर न करता.

आत्याने चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला.

"नाही," ती म्हणाली.

वडील हसले. त्यांना वाटलं, थट्टा आहे. "ताय, तुला काय करायचाय जमिनीचा? तुला पेन्शन हाय."

त्या दिवशी मात्र तिने कारण दिलं. मी ऐकलेलं ते बहुधा एकमेव. "पेन्शन मला मिळते कारण मी नोकरी केली. जमीन मिळते कारण मी आबांची मुलगी आहे. एक आहे म्हणून दुसरं कसं सोडू?"

"मग माहेर बंद होईल, ताय."

"ते बंद करणं तुझ्या हातात असेल, तर खुशाल कर. मी माझं घर बांधीन."

काकांनी मध्यस्थी केली, गावातली दोन वडीलधारी माणसं येऊन बसली. आत्या उठून गेली नाही, आवाज चढवला नाही, फक्त सही केली नाही. शेवटी वाटण्या झाल्या आणि वडिलांनी रागाने तिच्या वाट्याला कातळ दिला. गावाच्या माथ्यावरचा उघडा जांभा, जिथे गवतसुद्धा पावसाळ्यापुरतंच उगवतं. पाण्याशिवाय दोन महिन्यांत खाली येईल, असा त्यांचा हिशेब होता.

आत्याने त्याच कातळात चिरे पाडायला लावले. त्या चिऱ्यांच्या दोन खोल्या आणि पडवी उभी राहिली. चिरे काढून जो खड्डा झाला, त्याच्या अर्ध्या भागात पावसाचं पाणी साठवलं, उरलेल्या भागात खालून माती आणून भरली आणि काजू लावले. वर्षभरात माणसं रक्तदाब मोजायला, ड्रेसिंग करून घ्यायला, कोणाच्या पोराला रात्रभर ताप होता म्हणून विचारायला कातळ चढून जाऊ लागली. आमच्या घरचं मात्र कोणी जायचं नाही. वडिलांनी तिचं नाव टाकलं. गणपतीचं बोलावणंही नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या गणपतीत आईने घावनांचा डबा बांधला आणि माझ्या हातात दिला. मी वडिलांच्या खोलीकडे बघितलं. आई म्हणाली, "माझ्या माहेरी मी सही केली, तेव्हा कागदावर काय लिहिलंय ते वाचायलासुद्धा दिलं नव्हतं मला. जा तू. विचारलंच कोणी, तर मी पाठवली म्हणून सांग." आईने वडिलांच्या मनाविरुद्ध केलेली ती मला आठवणारी पहिली गोष्ट.

अशी नऊ वर्षं गेली. वडील निवृत्त होऊन गावी आले होते. एका सकाळी अंगणातच त्यांना अर्धांगाचा झटका आला. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी आणि बोलणं तुटकं. त्याच संध्याकाळी आत्या घरात आली. नऊ वर्षांनी. कोणी 'ये' म्हणायची वाट तिने पाहिली नाही. खिडक्या उघडायला लावल्या, चादर बदलली, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची ते दादाला आणि मला करून दाखवलं. वडिलांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती म्हणाली, "बरं झालं फिरलास. आता ह्याच कुशीवर राहा."

दोन महिने ती रोज कातळ उतरून येत होती. हळूहळू वडिलांचं बोलणं सुधारलं. एका दुपारी ती त्यांना पेज भरवत होती. वडिलांनी तोंडातला घास गिळला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "ताय, येवढं केलंस माझ्यासाठी... आता त्या कागदावर ती सय पण करून टाक."

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता ती वाटी ठेवून निघून जाणार.

आत्याने चमचा भरला. "सेवा वेगळी, सही वेगळी. तोंड उघड."

वडिलांचं वाकडं झालेलं तोंड हसायला लागलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. आत्याने ते टॉवेलच्या टोकाने पुसलं आणि पेज भरवत राहिली. पुढे वडील काठी टेकत कातळ चढू लागले. तिच्या पडवीत बसून, काजू किती जवळजवळ लावलेत म्हणून तिला बोल लावायचे. ती ऐकून घ्यायची. एकही झाड तिने हलवलं नाही.

वडील गेल्यावर दादाने माझ्यासमोर तसाच कागद ठेवला. मी सही केली नाही, पण आत्यासारखी गप्पही राहू शकले नाही; खूप रडले, खूप बोलले. दादाने माझ्याशी दोन महिने अबोला धरला. मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "दोनच महिने? तुझा बाप नऊ वर्षं बोलला नव्हता. सुधारतंय घराणं."

गेल्या वर्षी आत्या गेली. कपाटात मृत्युपत्र सापडलं. घर आणि कातळ तिने घरातल्या मुलींच्या नावे केला होता: धाकटी आत्या, मी, काकांची मुलगी, आणि दादाची आठ वर्षांची ऋतुजा. दादाने ते वाचलं, घडी घातली आणि पडवीत निघून गेला. मला वाटलं, आता पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू होणार.

पण तलाठ्याकडे नोंदीच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता, ऋतुजाचा जन्माचा दाखला घेऊन. ती कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली, म्हणून तिच्या नावापुढे पालनकर्ता वडील म्हणून त्याचं नाव लागणार होतं. तलाठ्याने नोंद वाचली. दादाने पुन्हा वाचायला लावली, मग ऋतुजाच्या नावातला ऋ नीट काढलाय का ते वाकून बघितलं.

तिथून आम्ही कातळावर गेलो. ऋतुजा पडवीतून सगळीकडे बघत म्हणाली, "बाबा, मी इथे काय करू?"

"तुला वाटेल ते कर," दादा म्हणाला. "तुझं आहे. मला विचारायचं नाही."