गिझर आपोआप लागला त्या दिवशी

...मी भाकरी थापत होते आणि हे गच्चीवरून ओरडत होते, "अगं, पाईप सोड की जरा! पाणीच येईना वर." एक हात पिठात, दुसऱ्या हाताने मी नळ सोडला. ऊन चढायच्या आत सोलरचे पॅनल धुवायचे, हा ह्यांचा नेम. आपल्या सोलापूरची धूळ, बघता बघता काचेवर बोटाने नाव लिहावं इतकी साचते.

धुऊन झालं की खाली येऊन चहा घेता घेता मोबाईलवर सोलरच्या इन्व्हर्टरचं ॲप उघडायचे, वीज किती बनली आणि घरात किती लागली ते बघायला. कडक ऊन असलं की स्वारी खूश. "आज आपण वीज कंपनीला वीज देतोय, बघ!" जसं काही ऊन ह्यांनीच पाडलंय... आणि ढग आले की चेहरा उतरायचा.

अशी ती एक साधी सकाळ. का कोण जाणे, तीच सारखी आठवते. हे जाऊन आता दोन वर्षं होतील. पॅनल मी धुते.

दिवाळीला लेक मीनल आणि जावई बेंगळुरूहून आले होते. जावयांना असल्या गोष्टींची भारी हौस. त्यांनी गिझरला आणि पाण्याच्या मोटारीला स्मार्ट स्विच बसवले आणि ते इन्व्हर्टरला जोडून दिले. गच्चीवर पुरेशी वीज तयार व्हायला लागली की आधी गिझर आपोआप लागणार, मग मोटार. "आई, तुम्ही आता काहीच करायचं नाही," म्हणाले.

माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयातल्या पुस्तकांनी शिकवलं. स्विचबरोबर आलेलं माहितीपत्रकही मी डिक्शनरी घेऊन शेवटपर्यंत वाचलं, तर जावई म्हणाले, "आम्ही पण एवढं वाचत नाही हो!" जन्मभर गॅस पेटवायच्या आधी अंघोळ करणारी मी, आता उन्हाची वाट बघत बसायला लागले. गंमतच वाटायची.

परवा मात्र... उठायला गेले आणि खोली गरगर फिरली. उशीवरून मान उचलवेना. मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. हाक मारावी तर आवाज भिंतीपलीकडे जाईना.

डोळे मिटून पडून राहिले. खिडकीत ऊन आलं आणि गिझरचा 'टक्' असा आवाज ऐकू आला. थोड्या वेळाने मोटार सुरू झाली. टाकी भरली, तशी आपली आपण बंदही झाली.

घर सगळं वेळेवर करत होतं... मी तेवढी पडले होते. खरी भीती वाटली ती तेव्हा. मी उठले नाही तरी या घराचं काही अडत नाही, आणि कुणाला कळायचंही नाही.

पण त्या दिवशी नळाला पाणी यायचा दिवस होता, हे माझं नशीब. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. ज्याच्या नळाला आधी येईल त्याने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी ओ द्यायची, अशी गल्लीची रीत.

शेजारच्या रजियाभाभींनी हाक दिली, "काकू, पानी आया!" माझी ओ नाही. परत हाक... परत नाही. माझ्या मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असते. "क्या काकू, पानी सोडून झोपता काय!" म्हणत आत आल्या आणि मला बघून पलंगाकडे धावल्या.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, मला लिंबूपाणी पाजलं, आणि मध्येच पळत जाऊन माझ्या हौदाचा नळही सोडून आल्या. आलेलं पाणी वाया कसं घालवायचं! डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. घाबरण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी मीनलला फोन केला. ती गोंधळली. "अगं पण आज सगळं बरोबर होतं की! गिझर लागला, मोटार लागली..." बोलता बोलता थांबली.

"तुला गं काय माहीत?" मी विचारलं.

तेव्हा कळलं. हे गेल्यावर ती रोज सकाळी फोन करायची आणि मी चिडायचे, "हजेरी घेतेस का माझी?" मग तिने सकाळचा फोन बंद केला... आणि ह्यांचं ते इन्व्हर्टरचं ॲप आपल्या मोबाईलवर बघायला लागली. घरातल्या वापराच्या ग्राफची रेघ वर चढली, म्हणजे आईने गिझर लावला, म्हणजे आई उठली. मग ती आपल्या कामाला लागायची.

दिवाळीनंतर रेघ आपोआप चढायला लागली, पण तिची सवय तीच राहिली. आता रेघ चढली म्हणजे आई उठली असं नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, जावयांच्याही नाही. "मी ती रेघ बघून निवांत बसले गं, आणि तू तिकडे..." आणि ती रडायलाच लागली.

जावयांनी फोन घेतला. "आई, कॅमेरा बसवू. नाहीतर पलंगाला सेन्सर लावू. तुम्ही उठलात की आम्हाला मेसेज येईल."

"पलंगाला नको हो," मी म्हटलं, "मी कूस बदलली तरी बेंगळुरूला घंटा वाजायची." मीनल रडता रडता हसली.

फोन ठेवल्यावर मनात आलं... हे त्या ॲपमध्ये ऊन बघायचे, आणि लेक त्याच ॲपमध्ये आईला बघत होती. मला इतके दिवस वाटायचं, सकाळी मी उठते ते फक्त मलाच ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी डोकं जरा हलकं होतं. मोटार मी ऑटोवरच राहू दिली. गिझर ऑटोमधून काढला आणि उजाडायच्या आत जाऊन हाताने बटण दाबलं.