सुटी की पाकिटातली?

आयसीयूच्या बाहेर बसलं की हातांना करायला काहीच उरत नाही. बाबा आत, मी बाहेर. भिंतीवरच्या टीव्हीत किराणा मालाचे भाव ओळखायचा खेळ चालला होता. निवेदिकेने वाटीभर तूरडाळ पुढे करून किलोचा भाव विचारला, तशा शेजारच्या काकू टीव्हीवरच करवादल्या, "अगं, सुटी की पाकिटातली, ते तरी सांग!" त्यांचे मिस्टर कालपासून आत होते.

सगळे हसले. मग जो तो भाव सांगू लागला. "एकशे बासष्ट," काकूंनी ठणकावलं. बाबांचं विचारलं की डॉक्टरसुद्धा नुसतं 'बघू' म्हणतात. डाळीचं मात्र आम्ही छातीठोकपणे सांगत होतो. किती बरं वाटत होतं, काहीतरी ठाऊक असणं!

तेवढ्यात दार उघडलं. सिस्टरने काकूंच्या मिस्टरांचं नाव पुकारलं. हातातली पिशवी माझ्या मांडीवर टाकून काकू आत धावल्या. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

पडद्यावर उत्तर झळकलं. एकशे बासष्ट. टाळ्या वाजवणारे हात नुसते हलताना दिसत होते. मी काकूंची पिशवी धरून बंद दाराकडे बघत राहिलो.