जीपला दमणीची फळी

साठच्या दशकाच्या अखेरीला लग्न होऊन मी जळगावहून दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा त्या घरात सूनही नवी होती आणि जीपही. जीप खरं तर जुनीच विकत घेतलेली, पण गावातली पहिली. जास्त कौतुक कुणाचं झालं ते विचारू नका.

घरची रीत अशी की सासऱ्यांसमोर सुनेनं पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचंच असेल तर सासूबाईंच्या तोंडून. जळगावात सायकलवर शाळेला जाणारी मी इथे ओट्याच्या पायऱ्याही चाचपत उतरत होते.

जीपच्या दोन्ही अंगांना कंपनीची पायरी होती, चार बोटं रुंदीची लोखंडी पट्टी. पहिल्यांदा बाजाराला निघालो तेव्हाच माझा पाय तिच्यावरून चुकला आणि नडगी सोलून निघाली. सासरे, म्हणजे आमचे आबा, बायका चढेपर्यंत जीपजवळ उभे राहायचे. ते सासूबाईंना म्हणाले, "पायरीच उच्ची शे. पोर पडी जाई."

पायरी उंच नव्हती. पदरातून मला ती दिसतच नव्हती.

आबांनी पट्टी कापून काढली आणि लोहाराकडून खाली नवी बसवून घेतली. मी पुन्हा धडपडले. आबांनी त्या बिचाऱ्या लोहाराला असं फैलावर घेतलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या रात्री मी सासूबाईंना खरं काय ते सांगितलं आणि आबांच्या कानावर घाला म्हणून विनवलं. त्या पोळ्या लाटता लाटता थांबल्या. "नको बाई. मनामुळे पोर पडनी, आसं वाटी त्यासले." आपल्यामुळे सून पडली हे आबांच्या मनाला लागेल, असं त्यांचं म्हणणं.

मग आबांनी दमणी मोडली. दमणी म्हणजे बसून जायची हलकी बैलगाडी. याच दमणीतून सासूबाई नवरी होऊन आल्या होत्या, आणि जीप आल्यावरही आबा दर पोळ्याला तिला तेल द्यायचे. तिची तळाची सागवानी फळी त्यांनी स्वतःच्या हातानं उचकटली आणि जीपला लावली. इतकी रुंद की आंधळ्याचाही पाय पडावा. माझा पडला. आबा खूश झाले, सासूबाई फळीकडे न बघता पुढे जाऊन बसल्या. मला दोघांकडेही बघवेना, आणि पदर असल्यामुळे बघावं लागलंही नाही.

पण फळी फार खाली आलेली. पावसाळा सरता सरता एका नाल्यात ती दगडाला अडकली आणि जीप जागची हलेना. आम्ही बायका खाली उतरलो. आबा पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी चिखलात पालथे झाले, फळीखाली पहार घालून ढकलू लागले. त्यांना धाप लागली, पण फळी तुटू नये म्हणून ते जोर बेतानंच लावत होते. माझ्याच्यानं राहवेना. रीत गेली खड्ड्यात.

"आबा, पायरी उंच नव्हती हो," मी म्हणाले. "मला पदरातून दिसत नव्हतं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आबा उठले. हाताचा चिखल पुसत म्हणाले, "आधी का नई सांगं?" हे त्यांनी सासूबाईंना विचारलं, मला नाही. जीप दगडातून सुटल्यावर ते आमच्याकडे पाठ करून नाल्याकडे तोंड करून उभे राहिले. "तिले सांग, चढ आते."

मी पदर वर केला, फळी बघितली आणि चढले. इतकं सोपं होतं. त्यासाठी दमणी मोडली होती.

पुढे कायमचं हेच झालं. आबा पाठ फिरवत, मी पदर वर करून चढे, पुन्हा ओढून घेई, मग ते विचारत, "चढनी का?" आणि सासूबाई होकार देत. पदर मात्र तसाच राहिला. तो काढावा असं आबांना कुणी सुचवलं नाही, आणि एकदा बोलून मोकळी झालेली मीही दुसऱ्यांदा बोलले नाही. मला तेवढ्यात भागत होतं.

सत्तरच्या दशकात आबांना छातीत कळा आल्या. धुळ्याला न्यायचं ठरलं. जीपमध्ये मागे गादी टाकून त्यांना निजवलं, चालवायला माझा नवरा बसला, शेजारी सासूबाई. आबांजवळ मी बसायचं होतं. घाईत पदर पार मागे गेलेला, तशीच मी फळीवर पाय ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांना माझा चेहरा दिसायची ती पहिली वेळ.

त्यांना पाठ फिरवता येईना. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आबा, बघा माझ्याकडे, एवढंच म्हणायचं होतं. मी सवयीनं पदर ओढला, त्यांच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "चढले, आबा." तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. धुळ्याहून ते परत आले नाहीत.