वादळ यायच्या आत आत्याकडे: पुणे ते दापोलीचा किनारा

लोक कोकणात मासे खायला जातात, वाळूत लोळायला जातात. मी आणि बाबा गेलो ते चक्रीवादळ येणार होतं म्हणून. हो, बरोबर वाचलंत. ऑफिसात रजेचं कारण सांगितलं तर मॅनेजर म्हणाला, "ओह, स्टॉर्म टुरिझम?" आमच्या हिंजवडीत कुठल्याही गोष्टीला इंग्रजी नाव दिलं की ती समजली असं धरतात.

कारण साधं होतं. माझी कुसुमआत्या, बाबांची थोरली बहीण, दापोलीच्या पुढे अगदी समुद्राला लागून असलेल्या वाडीत एकटी राहते. (गावाचं नाव लिहीत नाही. पर्यटक वाढले तर आत्या मलाच झोडपेल.) तिचा मुलगा मंदार सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी अमेरिकेत. टीव्हीवर दोन दिवस अरबी समुद्रातलं वादळ गरगरत होतं आणि तहसील कार्यालयाचा माणूस दारोदार सांगून गेला होता, की परवा दुपारच्या आत किनाऱ्याची घरं रिकामी करा, वरच्या शाळेत चला. आत्याने त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

"मी नाही हो कुठे जायची," मला फोनवर म्हणाली. "मंदारने नेटवर नकाशा बघितलाय. वादळाची रेष पार उत्तरेकडून जाते. आपण रेषेत नाहीच!"

तो नकाशा मीही बघितला होता. मध्ये एक ठळक रेष, आणि तिच्या दोन्ही अंगांनी पुंगीसारखा पसरत गेलेला पट्टा. अहो, रेष म्हणजे नुसता मधला अंदाज. वादळाचा मध्य त्या पट्ट्यात कुठूनही जाऊ शकतो, आणि वादळ स्वतः त्याहूनही ऐसपैस असतं. आत्याचं गाव पट्ट्याच्या आत ठसठशीत बसलेलं दिसत होतं. पण सगळ्यांची नजर जाते ती रेषेवर. मंदारचीही गेली, आणि तो एवढा शिकलेला! माझा जीव थाऱ्यावर राहिना.

आमचे बाबा म्हणजे वेधशाळेने पाऊस सांगितला की मुद्दाम गाद्या उन्हात टाकणारे गृहस्थ. मला वाटलं, आता काहीतरी खवचट बोलणार. पण ते एवढंच म्हणाले, "ताई फोनवर नाही ऐकायची. उद्या गाडी काढ."

धायरीहून उजाडता उजाडता निघालो आणि चांदणी चौक गर्दीच्या आधी ओलांडला. पौड, मुळशी, ताम्हिणी. पावसाळा सरून गेला की ताम्हिणीला कुणी विचारत नाही, पण खरं सांगू, हाच मोसम. गवत पिवळंजर्द, दरीत ऊन आणि रस्त्यावर फोटो काढणारी गर्दी नाही. खड्डे मात्र आहेत, विशेषतः उतारावर, तेव्हा बेताने चालवा. माणगावला स्टँडसमोर मिसळ खाल्ली. पंचवीस रुपयांत रस्सा मागाल तितका. बाबांनी तीनदा मागितला आणि वर म्हणाले, "आपल्याकडे दुसऱ्यांदा मागितला की मालक तोंड वाकडं करतो."

लोणेऱ्याला महामार्ग सोडायचा, मग आंबेतचा पूल आणि मंडणगड. मंडणगडला टाकी भरून घ्या आणि रोख पैसे काढून ठेवा, कारण वीज गेली की पंपही बंद आणि एटीएमही. मी तिथेच मेणबत्त्या, बॅटरीचे सेल आणि बिस्किटांचे पुडे घेतले. दुकानदाराने विचारलं, "पिकनिक काय?" म्हटलं, "वादळाला चाललोय." त्याने सुटे पैसे परत देताना माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

दुपारी पोचलो आणि काय सांगू, माझाच पोपट झाला. समुद्र असा शांत, की बघत बसावं. आभाळ निळं. नारळाच्या झावळीचं टोकही हलत नव्हतं. आत्या पायरीवर बसून सुपाऱ्या निवडत होती. आम्हाला बघून आनंदली आणि लगेच फणकारली, "एवढा गाडीभर धुरळा उडवत आलात! बघ गो, पान तरी हलतंय का?"

जेवायला सोलकढी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. जेवणं झाली. मग लॅपटॉप काढला, डोंगल लावलं, अर्ध्या तासाने नकाशा उघडला आणि आत्याला पट्टा समजावला.

"आत्या, एसटी नऊला म्हणून लिहिलेलं असतं. येते का नऊला? कधी पावणेनऊला, कधी साडेनऊला. म्हणून तू साडेआठलाच जाऊन उभी राहतेस ना? या रेषेचंही तसंच."

"एसटी चुकली तर दुसरी मिळते."

"वादळ चुकवायला निघालोय आपण, पकडायला नाही!"

बाबा मध्ये पडले, "ताई, शहाणपणा पुरे. बॅग भर." झालं. बहीणभाऊ लहानपणीच्या आवाजात भांडू लागले. शेवटी आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि खरं काय ते बाहेर पडलं. दोन वर्षांपूर्वी असाच इशारा आला होता. आत्या वाडीत सगळ्यांत थोरली, म्हणून तिने पुढाकार घेऊन अख्खी वाडी शाळेत नेली. दिवसभर वाट बघितली. झुळूकसुद्धा आली नाही! "तेव्हापासून बाजारात गेले की विचारतात, काय आजी, आज वादळबिदळ? चेष्टा सोसायचं वय आहे का माझं? मी हलले नाही तर वाडी हलायची नाही, ठाऊक आहे मला. पण मी पुन्हा हसं करून घेणार नाही."

म्हणजे तिची भीती वाऱ्याची नव्हतीच. आता एकट्या आत्याचा प्रश्न राहिला नव्हता, तिच्या हट्टापायी सगळी वाडी किनाऱ्यावर बसून राहणार होती.

संध्याकाळी शेजारची सुलभा बोलवायला आली. गाव देवळात जमणार होतं, कौल लावायला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: गुरव देवाच्या पाषाणावर ओली फुलं चिकटवतो, गावाचा प्रश्न देवापुढे मांडतो आणि फूल उजवीकडे पडलं तर होकार, डावीकडे पडलं तर नकार. गावातली मोठी कामं अजून अशीच ठरतात. बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, "आता हवामान खातं पाषाणाकडे." मी म्हटलं, "बाबा, इथे नको."

देवळात माणसं खांबांना टेकून उभी होती. बबन गुरवाने फुलं लावली, हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, हे वादळ आमच्या गावावर येनार असंल..."

"व्हय म्हाराजा!" गाव एका सुरात.

डावं फूल पडलं की संपलं, सगळे घरी जाऊन झोपणार. मी ऑफिसात सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. प्रश्नच चुकीचा विचारला तर अगदी बरोबर उत्तराचाही काही उपयोग नसतो, हे मला रोज दिसतं. वादळ येणार की नाही, हे टीव्हीवाल्यालाही छातीठोक सांगता येत नव्हतं. मी आत्याचा हात दाबला आणि हळूच म्हटलं, "आत्या, वादळाचं वादळ बघेल. तुझी भीती देवाला विचार ना."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग पदर खोचला आणि सरळ पुढे गेली.

"थांब रे बबन. वादळ कुठे जायचं ते त्याचं त्याला माहीत. देवाला असं विचार, की आम्ही शाळेत जाऊन बसलो आणि वादळ आलंच नाही, तर आम्ही मूर्ख ठरू काय?"

बबनने डोकं खाजवलं. मग पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, लेकरं भिऊन वर शाळंत जातील. वारा न्हाय आला, तर तू त्यांस्नी हसू नको. कबूल असंल तर उजवा दे!"

"व्हय म्हाराजा!"

फुलं जागची हलेनात. मग एक लाल फूल सावकाश घसरलं आणि उजवीकडे पडलं. बबनने ते उचलून आत्याच्या ओंजळीत ठेवलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "देव हसनार न्हाय. आता गावात कोन हसतो ते मी बघतो."

मी देवाबिवाच्या फार वाटेला जात नाही, पण त्या क्षणी मला नाचावंसं वाटलं! देवळाबाहेर बाबांनी हळूच विचारलं, "आणि डावं पडलं असतं तर?" मी म्हटलं, "आणखी एक प्रश्न शोधला असता."

सकाळी वाडीला चाकं फुटल्यासारखी झाली. होड्या ओढून वर आणल्या, गुरांची दावी सोडून त्यांना टेकडीकडे हाकललं. सातबारा, रेशनकार्ड आणि औषधं दुधाच्या पिशव्यांत गुंडाळली. आत्या काठी आपटत घरोघरी फिरत होती आणि कुणी कुरकुर केली की "कौल विसरलास काय रे?" एवढं विचारत होती. बाबा शाळेत चुलीपाशी पिठल्याचं पातेलं ढवळत बसले. आयुष्यात प्रथमच कुणाला टोमणा न मारता.

दुपारी समुद्र काळा झाला आणि वारा आला. कसा आला ते लिहून कळायचं नाही. पत्रे कागदासारखे उडत होते, शाळेच्या खिडक्या दोघादोघांनी धरून ठेवल्या होत्या आणि मधूनच बाहेर झाड मोडल्याचा कडकडाट व्हायचा. सुलभा रामरक्षा म्हणत होती. आत्या माझा हात सोडत नव्हती, मीही तिचा सोडत नव्हते. अंधार पडायच्या आधी सगळं निवळलं.

दुसऱ्या दिवशी खाली गेलो. आत्याच्या घराच्या आढ्यावर नारळ आडवा झाला होता आणि त्याचं खोड थेट तिच्या पलंगावर. आत्या उंबऱ्यात उभी राहून त्या पलंगाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग पदराने तोंड पुसलं आणि ओरडली, "बबन! वाडीतलं कुणी राहिलंय काय मागे?"

"कुनीच न्हाय आजी! सगळी हायती!"

आणि मग अख्खी वाडी चिखलात उभी राहून हसली, रडली, पुन्हा हसली. घरं पडली होती, बागा झोपल्या होत्या, पण माणूस एकही गेलं नव्हतं. जिंकलो होतो आम्ही! मी बाबांच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं आणि त्यांनी चक्क पसरू दिलं.

परतीला झाडं पडून नेहमीचा रस्ता बंद होता, म्हणून पोलादपूर, महाबळेश्वर, वाई अशा वळशाने आलो. वेळ दुप्पट, पण रस्ता चांगला. आत्या मागच्या सीटवर. महाबळेश्वरला फोनला रेंज आली आणि मंदारचा घाबरा आवाज ऐकू आला. आत्या शांतपणे म्हणाली, "मंद्या, तुझी रेष अगदी बरोबर होती हो. वादळ उत्तरेकडूनच गेलं. जरा रुंद निघालं, इतकंच."

छप्पर होईपर्यंत महिनाभर आत्या धायरीला आमच्याकडे होती. सोसायटीतल्या बायकांना नकाशातला पट्टा ती माझ्यापेक्षा छान समजावायची. तुम्ही किनाऱ्याला जाणार असाल तर तिचं सांगणं एवढंच, की रेषेला बोट लावून बसू नका.

हे लिहायला आज बसले, कारण काल तिचा फोन आला. समुद्रात पुन्हा वादळ होतं, पुन्हा इशारा होता, पुन्हा सगळे शाळेत गेले. वादळ वाटेतच वळलं आणि भलतीकडे निघून गेलं.

"मग गं?" मी धास्तावून विचारलं.

"मग काय! भजी केली, पत्ते खेळलो, संध्याकाळी घरी आलो."

"आणि बाजारात?"

"आज गेले होते ना. मासळीवाली म्हणाली, आजी, पुढच्या वेळी आमच्या वाडीलाही सांगावा धाडा, आम्हीपण येतो."