सासऱ्याच्या नावाचा गोरिला

समजा, तुम्हाला रानातला एक गोरिला माणसाळवायचा आहे. त्याला खायला काही द्यायचं नाही, हात लावायचा नाही. रोज उजाडताच त्याने आदल्या रात्री फांद्या मोडून केलेलं अंथरूण शोधायचं. तिथून चावून टाकलेले देठ आणि ताज्या विष्ठेचा वास धरत माग काढायचा, आणि तो दिसला की जीभ टाळूवर आपटून टक्, टक् असा आवाज करायचा. म्हणजे, मीच आलोय, रोजचाच. मग तो ओरडत अंगावर येईल. पळायचं नाही. खाली बसायचं, नजर जमिनीवर ठेवायची, एखादं पान तोडून खाल्ल्यासारखं करायचं. घाम प्यायला येणाऱ्या बारीक माश्या डोळ्यांत शिरतील, त्या हाकलायला हात उचलायचा नाही. असं एखादा दिवस नाही, सात वर्षं.

मोबेयाने ते केलं.

मध्य आफ्रिकेतल्या ज्या रानात त्याच्या बापाने जाळी लावून शिकार केली, तिथे आता त्याच्यासारख्या, रानातच वाढलेल्या बाआका जमातीच्या माणसाला रखवालदारांच्या चिठ्ठीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. मोबेयाला चिठ्ठी मिळाली ती पाहुण्यांना दाखवायला गोरिला माणसाळवायचा होता म्हणून. पहिल्याच दिवशी कळपाचा म्होरक्या, चंदेरी पाठीचा नर, असा कपाळ आक्रसून बघत राहिला, की मोबेयाने त्याचं नाव मेलेल्या सासऱ्यावरून ठेवलं. बालोका.

बायकोला, एसोंगाला, आठवड्याने कळलं. ती रानभाजीची पानं बारीक चिरत होती. तिने सुरी थांबवली नाही.

"मला मिळवायला माझ्या बापाकडे किती वर्षं राबलास, आठवतं?"

"पाच."

"मध आणायचास तेव्हा तो काय म्हणायचा?"

"कमी आहे म्हणायचा."

"मग हा दुसरा बालोका काय म्हणतो?"

"तो अजून बोलत नाही. नुसता अंगावर येतो."

"म्हणजे बापच आहे," एसोंगा म्हणाली.

चौथ्या वर्षी बालोका अंगावर यायचा थांबला. सहाव्या वर्षी त्याने मोबेयाकडे पाठ करून खायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी मोबेया वाटेवर एकटाच हसत घरी आला. आठव्या वर्षी पैसे भरून बघायला लांबलांबचे पाहुणे आले. तोंडाला मास्क लावून, सात मीटरवर, बरोबर एक तास. कुणी रडायचे, कुणी परत जाताना मोबेयाचा हात दोन्ही हातांत धरायचे.

मोबेया नकला उत्तम करायचा. वस्तीवर सगळे जमले की तो आधी बालोका व्हायचा, छाती पुढे काढून, ओठ आत ओढून. मग झटकन स्वतः व्हायचा, मान खाली घालून टक्, टक् करायचा. बाया हसून हसून एकमेकींवर पडायच्या. रस्त्यावरच्या गावात दारूच्या टपरीवरही लोक त्याला अडवायचे. "अरे मोबेया, तुझा सासरा दाखव की." तो दाखवायचा. चार वेळा पाहिल्यावर ती टक् टक् कुणालाही यायची, आणि ज्याला त्याला ती बरोबर करून दाखवायची हौस. मोबेया स्वतःच दुरुस्त करायचा. "जीभ मागे घे. हां, आता आली."

मग एका सकाळी मागावर असताना त्याला माश्यांचा आवाज ऐकू आला.

बालोका उताणा पडला होता. गोळी समोरून, छातीत. दोन्ही हात विकायला मनगटापासून कापून नेलेले. अर्धवट चावलेला देठ तोंडातच होता. माद्या पळाल्याच्या खुणा चहूकडे होत्या, पण बालोकाने झेप घेतल्याची एकही नव्हती. पाच पावलांवर चिखलात बुटांचे ठसे होते. माणूस तिथे बराच वेळ उभा राहिला होता.

रखवालदारांचे मुख्य यांगोंगोसाहेब राजधानीकडचे. त्यांनी मोबेयाला बाकावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"बंदूकवाला पाच पावलांवर येतो, आणि जनावर खात बसतं. कसं?"

"त्याला वाटलं असेल, मी आहे."

"ती टक् टक् कुणाकुणाला येते?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे? नावं सांग."

"साहेब, तुम्हालाही येते. पाहुण्यांसमोर जेवताना करून दाखवली होतीत. चांगली आली होती."

त्याला तीन दिवस कोंडून ठेवलं. त्याच्याकडे बंदूक नव्हती, बूटही नव्हते, म्हणून सोडलं. बुटांचा माणूस सापडला नाही. फार कुणी शोधलाही नाही.

घरी एसोंगाने मोबेयासमोर कसावा कंदाच्या पिठाचा गोळा ठेवला. "बापाला मी रडून घेतलं होतं," ती म्हणाली. "आता याला रडायचं की नाही, तेवढं सांग. लोक विचारतात."

तो जेवला नाही. त्यानंतर कुणी नक्कल करायला सांगितली तर तो उठून जायचा. टपरीवर एकाने मागून टक् टक् केली, तेव्हा मोबेयाने त्याच्या तोंडावर दारू फेकली. पण कोण कोण ती करतं याची यादी त्याने मनात कितीदा तरी केली, आणि दर वेळी पहिलं नाव स्वतःचंच निघालं.

दोन महिन्यांनी यांगोंगोसाहेबांनी बोलावलं. नदीपलीकडे दुसरा कळप होता. तरुण नर, रागीट. "तुझ्यासारखं कुणाला जमत नाही," साहेब म्हणाले. चिठ्ठी टेबलावर तयारच होती. ती उचलली नाही, तर रानातलं जाणं कायमचं संपलं. मोबेयाने उचलली.

पहिल्या दिवशी तो नर चाळीस पावलांवर दिसला. मोबेया खाली बसला, जीभ टाळूला लावली आणि तशीच ठेवली. नर ओरडला, झाड हलवलं आणि फांद्या मोडत लांब पळून गेला. तो आवाज विरेपर्यंत मोबेया बसून राहिला. त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी साहेबांनी वही उघडली. "किती अंतर?"

"चाळीस पावलं."

"आवाज केलास?"

"नाही."

"का?"

"साहेब, त्याने मला भ्यायचं नाही, एवढं मी त्याला शिकवेन. सात वर्षांत होईल," मोबेया म्हणाला. "बाकीच्यांना भ्यायचं, हे त्याला कसं शिकवायचं?"