चार विती

माझी मावशी तीस वर्षं इस्पितळाच्या शिवणखोलीत फाटक्या चादरी शिवत होती. गळ्यात टेप असायची, पण ती साहेबांना दाखवायला. मोजायची ती वितीनंच. "हातच्या काकणाला आरसा कशाला, आणि माझ्या कापडाला टेप कशाला?" असं म्हणायची. तिच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे मी लवकर शिकलो.

काकांचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, अंग लुळं पडलं तेव्हा त्यांच्या एकुलत्या एका खोलीत लोखंडी खाट आली. मावशीनं आपली खाट तिला भिडवली. काकांना सतत थंडी वाजायची. मग मावशीनं ठरवलं, दोन्ही खाटांना पुरेल अशी एकच गोधडी करायची.

"चाळीस वर्षं एका पांघरुणात काढली, आता वेगळं कशाला?"

पण एवढी गोधडी पसरणार कुठे? खोलीत दोन खाटा, शेगडी आणि दारापुढची हातभर फरशी. म्हणून तिनं नऊ चौकोन करायचं ठरवलं, प्रत्येक चार विती लांब, चार विती रुंद. एकेक मांडीवर घेऊन पुरा शिवायचा, गुंडाळून नाडीनं बांधायचा आणि मला स्टुलावर चढवून कपाटावर ठेवायला लावायचा. जोडणी शेवटी, एकदमच.

पहिल्या वर्षात चार झाले. मग तिची बोटं धरली, सांधे सुजले, आणि एकेका चौकोनाला तीन-तीन महिने लागायला लागले.

"लोक अंथरूण पाहून पाय पसरतात," काका मला म्हणायचे, "मी पाय पोटाशी घेऊन पडलोय, तरी हिचं पांघरूण येत नाही." एकदा मात्र थट्टा सोडून ते तिला म्हणाले, "तेवढे चारच जोड ना. मला पुरतील."

"अर्धवट काम मी देत नाही. दोघांची आहे ती. थोडा धीर धरा."

दुसऱ्या थंडीत काका गेले. तेव्हा नववा चौकोन तिच्या मांडीवर होता.

तो तिनं महिनाभरात संपवला. लोखंडी खाट गेली होती, त्यामुळे आता फरशीवर जागाच जागा होती. मी नऊही गुंडाळ्या खाली काढल्या आणि आम्ही त्या सोडून मांडल्या. पहिले चार एकमेकांना दोऱ्याला दोरा लागून बसले. पाचवा दोन बोटं कमी पडला. सहावा त्याहून कमी. नववा सहा बोटं आखूड निघाला. मावशीनं ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं, मग पहिल्या चौकोनाच्या कडेला वीत लावली. चार विती मोजून झाल्या तरी कापड उरलंच होतं. पुन्हा मोजलं. साडेचार भरल्या.

आपला पंजा तिनं उलटासुलटा करून पाहिला. बोटं आत वळलेली होती, ती सरळ होईनात.

मला तिचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. कपाटावर मीच ठेवले होते ते. खाली काढायला स्टूल तिथेच होतं.

"हे चार तयारच होते," ती म्हणाली.

"हो."

"थंडी वाजते म्हणायचे ना रे ते?"

"रोज म्हणायचे, मावशी."

तिनं सुई माझ्याकडे दिली. तिला दोरा ओवता येत नव्हता.